पडद्यावरचं युद्ध (लेखांक ६) : वारुळाआडचा कर्नल

व्हिएतनामवरच्या अमेरिकी सिनेमांतला सैनिक बहुतेक वेळा बिथरलेला असतो. गेल्या आठवड्यात आपण 'प्लटून' पाहिला. त्यात एकाच पलटणीतले दोन सार्जंट एकमेकांच्या जिवावर उठतात, आणि खेड्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांवर बंदुका रोखल्या जातात. 'द डिअर हंटर' (१९७८), 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९), 'फुल मेटल जॅकेट' (१९८७) हे सगळे कमीअधिक फरकाने त्याच वाटेचे. त्यांच्याआधी, १९६८ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना जॉन वेनने 'द ग्रीन बेरेज' काढला होता. तो इतका सरकारी थाटाचा होता की समीक्षकांनी त्याची पार सालटी काढली. या दोन टोकांच्या मधली जागा बराच काळ ओस पडली होती. युद्ध बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवून, त्यात लढलेल्या साध्या शिपायाने काय सोसलं आणि काय करून दाखवलं, एवढंच सांगणारा सिनेमा कुणी फारसा काढला नाही. १९८७ च्या 'हॅम्बर्गर हिल'ने ते केलं, पण 'प्लटून'च्या गाजावाजात तो झाकोळला. मग २००२ च्या मार्चमध्ये मेल गिब्सनला घेऊन 'वी वेअर सोल्जर्स' आला.

दिग्दर्शक रँडल वॉलेस. 'ब्रेव्हहार्ट'ची पटकथा यांचीच, त्यामुळे छाती फुगवणाऱ्या प्रसंगांची त्यांना मुळातच हौस. ती हौस या सिनेमात कुठे कामाला आली आणि कुठे नडली, हे आज पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. सिनेमाचे पहिले दोन तास युद्धातल्या धाडसाबद्दल जे सांगतात ते बहुतांशी खरं आहे आणि नीट पाहून सांगितलेलं आहे. शेवटची पंधरावीस मिनिटं त्या धाडसाला एक असा विजय चिकटवतात, जो त्या जागी झालाच नव्हता.

सिनेमा ज्या पुस्तकावर बेतला आहे ते 'वी वेअर सोल्जर्स वन्स... अँड यंग' १९९२ मध्ये निघालं. लेखक दोघे : नोव्हेंबर १९६५ च्या इया द्रांगच्या लढाईत बटालियनचं नेतृत्व करणारे हॅल मूर आणि त्याच लढाईत हजर असलेले पत्रकार जो गॅलोवे. सेनापती आणि वार्ताहर यांनी मिळून लिहिलेलं युद्धाचं पुस्तक दुर्मीळच. दोघांनी मिळून वाचलेल्या सैनिकांना गाठलं, जबान्या घेतल्या, आणि पुढे थेट हनोईला जाऊन समोरच्या बाजूच्या सेनानींनाही प्रश्न विचारले. त्यामुळे पडद्यावर काय खरं आणि काय रचलेलं, हे ताडून पाहायला पक्का आधार हाताशी आहे.

सिनेमा सुरू होतो तो अमेरिकनांपासून नाही, फ्रेंचांपासून. १९५४ साली मध्य व्हिएतनामच्या पठारी मुलखात एक फ्रेंच फौजफाटा रस्त्यावर गाठून कापला जातो. त्याच वर्षी दिएन बिएन फूच्या फ्रेंच ठाण्याचा पाडाव झाला, जिनिव्हात करार झाला आणि व्हिएतनामची फाळणी झाली. कराराचं पालन होतंय का हे पाहायला जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. दहा वर्षांत त्या कराराच्या चिंध्या झाल्या आणि फ्रेंचांच्या जागी अमेरिकन आले. सिनेमातला मूर लढाईला जाण्याआधी फ्रेंचांच्या पराभवाचा अभ्यास करताना दिसतो. शिवाय त्याच्या वाट्याला आलेली रेजिमेंट कोणती, तर सातवी कॅव्हलरी. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला जनरल कस्टरसकट मूळ रहिवाशांनी जिचा फडशा पाडला तीच. नावात 'घोडदळ', पण १९६५ मध्ये घोड्यांच्या जागी हेलिकॉप्टर आली होती.

ही हेलिकॉप्टरची कल्पना नीट समजली नाही तर ही लढाई समजणार नाही. जंगलात रस्ते नाहीत, आणि जे आहेत तिथे दबा धरून बसलेला शत्रू. फ्रेंच त्यातच संपले. मग पायदळ रस्त्याने न्यायचंच कशाला, असा विचार अमेरिकी लष्कराने केला. जॉर्जिया राज्यातल्या फोर्ट बेनिंग छावणीत १९६३ पासून त्याचे प्रयोग चालू होते. 'ह्यूई' हेलिकॉप्टरमधून सैनिक थेट शत्रूच्या पुढ्यात उतरवायचे, तोफाही उचलून जवळच्या मोकळ्या जागेत ठेवायच्या, जखमींना तसंच उचलून न्यायचं. कागदावर हे फार सुरेख दिसतं. मेख अशी की सोळा हेलिकॉप्टर एका खेपेत फार तर एखादी कंपनी उतरवू शकतात. ती परत जाऊन दुसरी खेप आणेपर्यंत सुमारे अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात पहिल्या खेपेतली माणसं एकटी. सिनेमात हे गणित दोनचार वाक्यांत आणि एका नकाशात समजावून दिलंय. युद्धपटात इतकी स्वच्छ मांडणी मी क्वचित पाहिली आहे.

आणखी एक तपशील सिनेमा नेमका पकडतो. २८ जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवर जाहीर केलं की ही नवी हवाई डिव्हिजन व्हिएतनामला जाईल. मात्र राखीव दलं बोलवायची नाहीत, ज्यांची मुदत संपत आली आहे त्यांना थांबवून घ्यायचं नाही, असं धोरण ठेवलं. देशाला युद्ध चालू आहे असं वाटू द्यायचं नव्हतं. परिणाम असा की महिनोन्महिने तयार केलेले अनुभवी शिपाई निघण्याच्या तोंडावर घरी गेले आणि बटालियनमध्ये भगदाडं पडली. मूर घरात बसून ते भाषण ऐकतो, तेव्हा गिब्सनच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते या सिनेमातलं त्याचं सर्वांत चांगलं काम आहे. नंतरच्या आरडाओरड्यात ते राहत नाही.

१४ नोव्हेंबर १९६५. रविवार. इया द्रांग नदीच्या खोऱ्यात, कंबोडियाच्या सरहद्दीला टेकलेल्या चू पाँग डोंगराच्या पायथ्याशी, फुटबॉलच्या मैदानाएवढी एक मोकळी जागा. नकाशावर तिला नाव दिलं 'एक्स-रे'. सकाळी पावणेअकराच्या सुमारास पहिल्या हेलिकॉप्टरमधून मूर स्वतः उतरले. थोड्याच वेळात एक व्हिएतनामी सैनिक हाती लागला. त्याने सांगितलं की या डोंगरावर तीन बटालियन आहेत आणि त्यांना अमेरिकनांना मारायची घाई झाली आहे. मूर यांच्याकडे पूर्ण बटालियन उतरल्यावरही साडेचारशेच्या आसपास माणसं होती, आणि त्या क्षणाला तर त्यातली मूठभरच जमिनीवर होती.

त्या मुलखात पुरुषभर उंचीची, काही त्याहूनही मोठी वारुळं आहेत, सिमेंटसारखी कडक. त्यातल्या एका मोठ्या वारुळाआड मूर यांनी ठाण मांडलं आणि तीन दिवस तिथूनच लढाई चालवली. सिनेमातही ते वारूळ आहे. मात्र सिनेमातला गिब्सन बराच वेळ उघड्यावर उभा राहून हातवारे करतो. खऱ्या लढाईत वारुळं दोन्ही बाजूंनी वापरली. लेफ्टनंट वॉल्टर मार्म नावाच्या तरुण अधिकाऱ्याने अशाच एका वारुळाआडून चालणाऱ्या मशीनगनवर एकट्याने धावून जाऊन ती बंद पाडली. चेहऱ्यावर गोळी खाल्ली. त्यांना पुढे 'मेडल ऑफ ऑनर' हा सर्वोच्च सन्मान मिळाला.

दुपारी एक घोटाळा झाला, आणि सिनेमाचा कणा तोच आहे. लेफ्टनंट हेरिक यांची प्लटून माघार घेणाऱ्या काही शत्रूसैनिकांच्या मागे लागली आणि बाकीच्यांपासून तुटली. एकोणतीस माणसं, चहूबाजूंनी गराडा. हेरिक मारले गेले, त्यांच्यानंतर सूत्रं घेणारेही मारले गेले, आणि शेवटी सगळा भार सार्जंट अर्नी सॅव्हेज यांच्यावर आला. त्यांच्या हाती एक चालू रेडिओ होता. पडून राहायचं, हालचाल करायची नाही, आणि आपल्याच तोफांना आपल्याभोवती कडं करून गोळे टाकायला सांगायचं, असं त्यांनी रात्रभर केलं. तोफा आठेक किलोमीटरवर 'फाल्कन' नावाच्या जागी. नेम थोडा जरी चुकला तरी गोळा स्वतःच्याच डोक्यावर. सॅव्हेज आवाजावरून अंदाज बांधून अंतर कमी करत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी कुमक पोहोचली तेव्हा एकोणतीसपैकी नऊ मेले होते, तेरा जखमी होते, सात धड होते. अंधारात जमिनीला चिकटून, रेडिओत कुजबुजत आकडे सांगणारा सार्जंट हे सिनेमात दाखवायला अवघड धाडस आहे. त्यात धावणं नाही, ओरडणं नाही. रायन हर्स्ट या नटाने सॅव्हेज केलाय आणि वॉलेस यांनी त्या प्रसंगात कॅमेरा आवरता धरलाय. सिनेमातले हे माझे सर्वांत आवडते क्षण.

सिनेमातला सर्वांत भीषण भाग दुसऱ्या दिवशीचा, १५ नोव्हेंबरच्या सकाळचा. इथे तो खऱ्या घटनेला जवळजवळ धरून आहे. पहाटेच व्हिएतनामी सैनिक 'चार्ली' कंपनीच्या मोर्चांवर तुटून पडले. त्यांचा डाव साधा आणि हुशारीचा होता. अमेरिकनांच्या तोफा आणि विमानं यांच्यापासून वाचायचं तर त्यांच्या इतकं जवळ जायचं की त्यांना बॉम्ब टाकताच येऊ नये. व्हिएतनामी सेनानी याला शत्रूचा कमरपट्टा धरून लढणं म्हणत. चार्ली कंपनीत त्या सकाळी पाच अधिकारी आणि एकशे सहा शिपाई होते. दुपारपर्यंत बेचाळीस मेले, वीस जखमी झाले, आणि एकही अधिकारी लढण्याच्या स्थितीत उरला नाही. सिनेमात ज्याच्या नव्या बाळंतिणीचं घर आपण पाहिलेलं असतं तो लेफ्टनंट जॅक गेगन याच कंपनीतला. विली गॉडबोल्ट या आपल्या जखमी शिपायाला आणायला तो धावला आणि मारला गेला. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाच्या काळ्या भिंतीवर गेगन आणि गॉडबोल्ट यांची नावं शेजारीशेजारी कोरलेली आहेत. एक गोरा, एक काळा, आणि साल १९६५. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क मिळवून देणारा कायदा त्याच ऑगस्टमध्ये झाला होता. सिनेमात सैनिकांच्या बायका पहिल्यांदा जमतात तेव्हा धुलाईच्या दुकानावरच्या 'फक्त गोऱ्यांसाठी' पाटीचा एक अवघडलेला प्रसंग आहे, तो याच संदर्भात पाहावा.

मोर्चा फुटतोय हे दिसताच हवाई दलाचे तरुण अधिकारी चार्ली हेस्टिंग्ज यांनी रेडिओवर 'ब्रोकन ॲरो' असा परवलीचा शब्द उच्चारला. अमेरिकी तुकडी संपण्याच्या बेतात आहे, दक्षिण व्हिएतनामच्या आकाशात असेल ते प्रत्येक लढाऊ विमान इकडे वळवा, असा त्याचा अर्थ. विमानं इतकी आली की त्यांना हजार हजार फुटांच्या थरांनी एकावर एक घिरट्या घालत थांबवावं लागलं. आणि त्या गर्दीत दोन विमानं चुकीच्या दिशेने आली. पहिल्याने नापाम टाकला तो थेट अमेरिकनांच्या अंगावर. मूर ओरडले, हेस्टिंग्ज यांनी दुसऱ्याला अखेरच्या क्षणी वळवलं. जळालेल्यांत जिमी नाकायामा नावाचा जवान होता. गॅलोवे यांनी त्याला पायांकडून धरून उचललं. पुढचं सिनेमा दाखवतो ते मी इथे लिहीत नाही. दोन दिवसांनी तो गेला. त्याच सुमारास घरी त्याच्या बायकोला मुलगी झाली.

या प्रसंगाला जोडून एक खरी गोष्ट आहे. आपल्या चुकीने माणसं जळाली या धक्क्यात हेस्टिंग्ज गोठून बसले होते. मूर यांनी त्यांना सांगितलं की ती चूक विसर, विमानं चालू ठेव. ऐकायला निष्ठुर वाटतं. पण हेस्टिंग्ज तिथेच कोसळले असते तर पुढच्या तासाभरात सगळेच गेले असते. सेनापतीचं धैर्य म्हणजे काय, हे मला त्या हल्ल्यांतल्या कुठल्याही धावपळीपेक्षा इथे जास्त कळलं. सिनेमानेही हे ठेवलंय, त्याचं श्रेय द्यायला हवं.

गॅलोवे तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचे, 'यूपीआय' वृत्तसंस्थेचे वार्ताहर. १४ तारखेच्या संध्याकाळी दारूगोळा नेणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये बसून ते स्वतःहून तिथे गेले. जखमींना ओढून आणल्याबद्दल १९९८ मध्ये अमेरिकी लष्कराने त्यांना शौर्याचं 'ब्राँझ स्टार' दिलं. व्हिएतनाम युद्धात लष्कराकडून असा मान मिळालेले ते एकमेव नागरिक.

वैमानिकांबद्दल मात्र सिनेमाने हात थोडा आखडता घेतलाय. ब्रूस क्रँडल यांचं पात्र ग्रेग किनीअरने रंगवलंय, पण त्यांचे जोडीदार एड फ्रीमन जवळपास गायब आहेत. १४ तारखेला गोळीबार इतका वाढला की जखमी उचलणाऱ्या खास हेलिकॉप्टरनी उतरायला नकार दिला. क्रँडल आणि फ्रीमन यांची हेलिकॉप्टर वैद्यकीय नव्हती, तशी सक्तीही त्यांच्यावर नव्हती. तरी ते दिवसभर दारूगोळा घेऊन येत राहिले आणि जखमी घेऊन जात राहिले. क्रँडल यांनी बावीस फेऱ्या मारल्या. त्यांची हेलिकॉप्टर चाळण होत गेली, तेव्हा त्यांनी ती बदलली, थांबले नाहीत. सर्वोच्च सन्मान मिळायला दोघांनाही छत्तीस आणि एक्केचाळीस वर्षं लागली. फ्रीमन यांना २००१ मध्ये, क्रँडल यांना २००७ मध्ये. दुसऱ्या सन्मानाच्या मागे या सिनेमाने पुन्हा जागवलेली आठवण थोडीफार असेल असं मला वाटतं, पण ते माझं वाटणं.

आता शेवटाकडे. सिनेमात तिसऱ्या दिवशी पहाटे मूर उरलेल्या सगळ्यांना संगिनी लावायला सांगतात. पलटण आरोळ्या ठोकत डोंगराकडे धावते, समोर मशीनगनच्या रांगा, आता सगळे संपणार असं वाटतं, आणि नेमक्या त्या क्षणी झाडांच्या मागून हेलिकॉप्टर वर येऊन शत्रूच्या रांगा झोडपून काढतं. डोंगरातल्या भुयारी मुख्यालयात व्हिएतनामी सेनापती कर्नल न्गुयेन हू आन पराभव मान्य करून निघतो. थिएटरात टाळ्या पडाव्यात असा हा प्रसंग.

असं काही घडलं नाही. १६ तारखेला पहाटे मूर यांनी आपल्या सगळ्या सैनिकांना एकाच वेळी एक मिनिटभर समोरच्या झुडपांत आणि झाडांवर बेछूट गोळ्या झाडायला सांगितलं. दबा धरून बसलेले तीसचाळीस व्हिएतनामी त्याने उघडे पडले आणि वेळेआधीच चाल करून आले. नंतर तुकड्यांनी पुढे सरकत आसपासचा भाग धुंडाळला, मेलेले आणि हरवलेले शोधले. शत्रूच्या मुख्यालयापर्यंत कुणी पोहोचलं नाही, तसा बेतही नव्हता. त्या दिवशी मूर यांची बटालियन हेलिकॉप्टरने प्लेइकूला परतली. एक्स-रेवर अमेरिकनांचे एकोणऐंशी मेले, एकशे एकवीस जखमी झाले. व्हिएतनामींचे सहाशेहून अधिक मृतदेह मोजल्याचा अमेरिकी हिशोब आहे. तो कितपत धरायचा, हा वेगळा वाद.

सिनेमाने लढाई अशी वळवून घेणं आपल्याला परकं नाही. जे. पी. दत्तांच्या 'बॉर्डर'मध्ये (१९९७) लोंगेवालाच्या ठाण्यावर किती जण धारातीर्थी पडतात ते आठवा. १९७१ च्या डिसेंबरातल्या त्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या सव्वाशेच्या आतबाहेरच्या तुकडीने रणगाडे रोखून धरले आणि उजाडल्यावर हवाई दलाच्या हंटर विमानांनी काम फत्ते केलं. प्रत्यक्षात आपले दोन जवान गेले. दोनच गेले म्हणून ठाणं राखण्याचं मोल कमी होत नाही. पण दिग्दर्शकाला ते पुरत नाही, त्याला बलिदान मोजून द्यावं लागतं. वॉलेस यांनी उलट बाजूने तेच केलंय. त्यांच्याकडे मेलेले पुरेसे होते, विजय कमी पडत होता.

आणि खरी गोची पुढेच आहे. सिनेमा संपतो तिथे इया द्रांगची लढाई संपली नव्हती.

१७ नोव्हेंबरला चू पाँग डोंगरावर बी-५२ विमानांचा बॉम्बवर्षाव ठरला होता, म्हणून एक्स-रे मोकळं करायचं होतं. मूर यांचे लोक गेले होते, पण त्यांच्या जागी आलेल्या दोन बटालियन तिथे होत्या. त्यांना चालत दुसऱ्या मोकळ्या जागांकडे जायला सांगितलं गेलं. सातव्या कॅव्हलरीची दुसरी बटालियन 'अल्बनी' नावाच्या जागेकडे निघाली. लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट मॅकडेड हे नेतृत्व करत होते आणि या बटालियनवर येऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते. माणसं दोन रात्री झोपलेली नव्हती. कंबरेएवढं गवत, मधूनमधून झाडी, आणि पाचेकशे मीटर लांबलेली रांग. पुढच्या टेहळ्यांनी दोन व्हिएतनामी सैनिक पकडले. रांग थांबली. मॅकडेड त्यांची चौकशी करायला पुढे गेले आणि मागच्या कंपन्यांच्या कप्तानांनाही त्यांनी पुढे बोलावून घेतलं. त्यामुळे मागे रांगेत बसलेले, सिगरेटी पेटवलेले, पाठीवरचं ओझं टाकून आडवे झालेले शिपाई आपल्या अधिकाऱ्यांविना होते. नेमक्या त्या वेळी बाजूच्या झाडीतून हल्ला झाला.

पुढचे काही तास गवतात हातघाईची लढाई झाली. कोण कुठे आहे कळत नव्हतं, विमानांना बॉम्ब कुठे टाकायचा ते सांगता येत नव्हतं. दोन्ही बाजूंचे जखमी एकमेकांपासून दहा पावलांवर पडून होते. रात्रभर व्हिएतनामी सैनिक गवतात फिरून जखमी अमेरिकनांना संपवत होते, असं वाचलेल्यांनी सांगितलंय. सुमारे चारशेंपैकी एकशे पंचावन्न मेले. अख्ख्या व्हिएतनाम युद्धात एका दिवसात एवढ्या छोट्या तुकडीची एवढी हानी क्वचितच झाली असेल. मूळ पुस्तकाचा बराच मोठा भाग अल्बनीवर खर्ची पडलाय. सिनेमात अल्बनीचा साधा उल्लेखही नाही.

का नाही, याचं उत्तर सरळ आहे. सिनेमा मूर यांचा आहे, आणि अल्बनीला मूर नव्हते. पडद्याला एकच नायक परवडतो. शिवाय अल्बनीत धाडस कमी नव्हतं, पण ते चुकीच्या आखणीखाली चिरडलं गेलं होतं, आणि असलं धाडस दाखवायचं तर मग चूक कुणाची हा प्रश्नही दाखवावा लागतो. म्हणूनच वॉलेस यांनी ते टाळलं असावं. पण त्यामुळे सिनेमातल्या धाडसाची एक अटच बनून जाते : शेवटी जिंकलं तरच ते मोजायचं. चार दिवसांत अमेरिकनांचे दोनशे चौतीस गेले, त्यातले दोनतृतीयांश सिनेमाने न दाखवलेल्या दिवशी.

या चार दिवसांतून दोन्ही बाजूंनी काढलेले अर्थ पाहिले की हे जास्त खटकतं. व्हिएतनाममधले अमेरिकी सेनापती जनरल वेस्टमोरलँड यांच्या मुख्यालयाने हिशोब मांडला की आपल्या एकामागे त्यांचे दहाबारा पडतात, म्हणजे हे असंच चालवलं तर एक दिवस त्यांची माणसं संपतील. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा महिनाअखेरीस सायगावला येऊन गेले आणि त्यांनी राष्ट्राध्यक्षांना कळवलं की फौज वाढवली तरी यशाची खात्री नाही, महिन्याला हजार अमेरिकन मरू शकतात. फौज मात्र वाढतच गेली. हनोईने वेगळा धडा घेतला : हेलिकॉप्टर आणि तोफा असूनही हे टिकून राहता येण्यासारखं आहे, फक्त कमरपट्टा धरून लढायचं. सिनेमातला आन शेवटी आपल्या लोकांना असंच काहीसं सांगतो की अमेरिकन हा आपला विजय समजतील आणि त्यामुळे हे युद्ध त्यांचं होऊन बसेल, शेवट मात्र तोच राहील. आधी विजयाचा एवढा घोष करून मग हे कडू सत्य शत्रूच्या तोंडी घालायचं, ही वॉलेस यांची तारेवरची कसरत आहे. ती पूर्ण जमत नाही, पण निदान ते वाक्य तिथे आहे.

खरे न्गुयेन हू आन हा माणूस सिनेमातल्या पात्रापेक्षा मोठा होता. दिएन बिएन फूला ते लढले होते, आणि १९७५ मध्ये सायगाववर चाल करून गेलेल्या एका कोअरचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. मूर आणि गॅलोवे त्यांना हनोईत भेटले. १९९३ मध्ये तर तिघे मिळून पुन्हा एक्स-रेवर गेले. मूर यांनी आपलं मनगटी घड्याळ आन यांना दिलं, आन यांनी आपलं हेल्मेट मूर यांना दिलं. १९९५ मध्ये आन वारले.

पडद्यावर आन झालेल्या डॉन डुआंग या नटाची गोष्ट मात्र सुखाची नाही. हा व्हिएतनाममधला नावाजलेला नट. सिनेमा आल्यावर तिथल्या सरकारी वर्तमानपत्रांनी त्याला देशद्रोही ठरवलं, कारण व्हिएतनामी सैन्य हरताना दाखवणाऱ्या अमेरिकी सिनेमात त्याने काम केलं. त्याला परदेशी जायला बंदी झाली, काम मिळेना. २००३ मध्ये तो कुटुंबासह अमेरिकेत गेला, २०११ मध्ये तिथेच वारला. त्याने केलेला आन शांत, विचारी आणि सन्मानाने वागवलेला आहे. खोटा विजय पटकथेने रचला, त्याची किंमत मोजली ती या नटाने.

एका माणसाचा उल्लेख राहून गेला तर खंत वाटेल. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर संगीन लावलेली बंदूक घेऊन पुढे सरकणारा, दाढीचे खुंट वाढलेला एक लेफ्टनंट आहे. तो रिक रेस्कोर्ला, मूळचा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा. एक्स-रेच्या दुसऱ्या रात्री खंदकात तो आपल्या शिपायांना गाणी म्हणून धीर देत होता, आणि नंतर अल्बनीतही उतरला. सिनेमात तो या नावाने नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांपैकी दक्षिण मनोऱ्यात तो एका मोठ्या वित्तसंस्थेचा सुरक्षाप्रमुख होता. हजारो कर्मचाऱ्यांना जिन्याने खाली उतरवताना त्याने पुन्हा गाणी म्हटली, उरलेल्यांना पाहायला परत वर गेला, आणि मनोरा कोसळला. सिनेमा तोवर चित्रित होऊन गेला होता.

राहता राहिल्या सैनिकांच्या बायका. अनेक समीक्षकांना छावणीतले प्रसंग भावुक वाटले, पुरवणी जोडल्यासारखे. मला तसं वाटत नाही. १९६५ च्या नोव्हेंबरात लष्कराकडे मृत्यूची बातमी घरी कळवायची व्यवस्थाच नव्हती. एवढी माणसं एकदम मरतील असं कुणी धरलंच नव्हतं. तारा आल्या आणि त्या पोहोचवायचं काम फोर्ट बेनिंगलगतच्या कोलंबस गावातल्या टॅक्सीवाल्यांवर टाकलं गेलं. सिनेमात मूर यांची पत्नी ज्युली दार उघडते तर समोर टॅक्सीवाला, हातात पिवळा लिफाफा. ती पांढरी पडते. तो बिचारा फक्त दुसऱ्या एका घराचा पत्ता विचारायला आलेला असतो. मॅडलिन स्टो या नटीने तो क्षण जवळजवळ न हलता केलाय. आधी राग, मग लाज, मग ती त्याला सांगते की यापुढच्या सगळ्या तारा आधी माझ्याकडे आण. ज्युली मूर यांनी प्रत्यक्षातही दारोदार जाऊन बायकांना धीर दिला, दफनविधींना हजेरी लावली आणि वरिष्ठांकडे इतका पिच्छा पुरवला की पुढे लष्कराने पद्धत बदलली. बातमी घेऊन अधिकारी आणि धर्मोपदेशक घरी जाऊ लागले.

ज्युली २००४ मध्ये गेल्या, हॅल मूर २०१७ मध्ये. दोघांचं दफन फोर्ट बेनिंगलाच झालं. ती छावणी मुळात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका सेनानीच्या नावाची, म्हणून २०२३ मध्ये नाव बदलून 'फोर्ट मूर' करण्यात आलं, नवरा आणि बायको दोघांच्या सन्मानार्थ. २०२५ मध्ये ते पुन्हा 'फोर्ट बेनिंग' झालं. या वेळी कारण म्हणून पहिल्या महायुद्धातला त्याच आडनावाचा एक कॉर्पोरल शोधून काढण्यात आला.

पुढच्या आठवड्यात : न्गुयेन होंग सेन यांचा १९७९ चा व्हिएतनामी सिनेमा 'द अबँडन्ड फील्ड'. त्यात हीच हेलिकॉप्टर खालून दिसतात.